मोहाखाली आग का लावतात, आणि वाघ नेमका तिथेच का भेटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत दर मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर वाघ-अस्वलांचे हल्ले होतात, आणि त्याच दिवसांत जंगलही पेटतं. मग वेचणीवर सरळ बंदी का नाही? आणि बंदी नको असेल तर गावाच्या समितीने नेमकं काय करायचं?

आधी बंदीचं बघू. कोअरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्यात, ती आहेच. १९५५चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान (११६.५५ चौ. किमी) आणि १९८६चं अंधारी अभयारण्य मिळून सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा कोअर होतो. तिथे वेचणीला जायचं नाही, यावर वाद नको. प्रश्न त्याभोवतीच्या सुमारे अकराशे चौरस किलोमीटर बफरचा आहे, आणि त्याही पलीकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्याचा. तिथे वाघ प्रकल्पाची हद्द बघून फिरत नाहीत. या भागात २००६च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर, म्हणजे मोहफुलं, तेंदुपानं अशा लाकूड सोडून इतर उपजावर, गावाचा हक्क मान्य केला आहे. मोहफुलं बाळगण्यावर आणि वाहतुकीवर दारूबंदी कायद्यातून आलेली जुनी बंधनंही राज्याने २०२१मध्ये काढली.

कायदा बाजूला ठेवला तरी बंदीचा परिणाम उलटाच होतो. बंदी आली की माणूस जायचं थांबत नाही, चोरून जातो. म्हणजे एकटा, अंधारात, आवाज न करता. वाघाच्या हल्ल्याला याहून सोयीची परिस्थिती मुद्दाम आखूनही जमणार नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. आग आणि हल्ला हे दोन निराळे प्रश्न नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे, घाई. ही घाई कुठून येते ते कळलं तर अर्धा उपाय हाताशी येतो.

मोहाचं झाड फेब्रुवारीच्या शेवटी पानं टाकतं. मार्चच्या मध्यापासून फांद्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली कळ्यांचे घोस धरतात. फुलाचा खाण्याचा भाग म्हणजे मांसल, पिवळसर, पोकळ पाकळी. ती मध्यरात्रीनंतर सुटायला लागते, पहाटे सर्वांत जास्त गळते आणि सकाळी आठ-नऊपर्यंत टपटप चालू असते. एक झाड साधारण दोन-तीन आठवडे गळतं. सगळी झाडं एकाच दिवशी सुरू होत नाहीत, म्हणून गावाचा हंगाम महिना-सव्वा महिना चालतो. ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला की फूल धरत नाही, धरलेलं काळं पडतं.

आता पहाटे चारला उठून जाण्याचं कारण बघा. खाली पडलेलं फूल गुरं खातात, चितळ-सांबर खातात, रानडुक्कर खातं, अस्वल तर त्यासाठीच येतं. त्यात झाडाची वहिवाट पक्की नसेल तर शेजारचाही टपून असतो. जो आधी पोचेल त्याची टोपली भरते. म्हणून अंधार. आणि झाडाखाली साग, ऐन, धावडा, मोह यांच्या पानांचा घोटाभर थर असेल तर त्यातून एकेक फूल शोधायला तिप्पट वेळ लागतो. काडी लावली की दहा मिनिटांत जमीन काळी आणि स्वच्छ, त्यावर पिवळं फूल लांबून उठून दिसतं. म्हणून आग. यात कोणी जंगलाचा वैरी नसतो. मजुरी वाचवायचा तो एक स्वस्त मार्ग असतो. भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ नुसार तो गुन्हा आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी चालतं. कारण दुसरा तेवढाच सोपा मार्ग कोणी हातात दिलेला नसतो.

ही आग हाताबाहेर जाते ती लावताना नाही, लावून घरी गेल्यावर. संध्याकाळी पाला पेटवला, ज्वाळा बसल्या, माणूस परतला. पण खोडाच्या बुडाशी किंवा पडलेल्या ओंडक्यात निखारा धुमसत राहतो. दुसऱ्या दिवशी अकरानंतर वारा सुटतो, ऊन ४२-४३ अंशांवर जातं आणि तोच निखारा बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, पोचतो. वाळलेला बांबू पेटला की फाटफाट फुटत जातो आणि मग जाळरेषाही (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) पुरत नाही. उपग्रहावरून येणाऱ्या आगीच्या सूचनांवर फार विसंबू नका. या सूचना देणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि उपग्रह साधारण दुपारी व मध्यरात्री दीडच्या सुमारास वरून जातो. संध्याकाळी मोहाखाली लावलेली खाटेएवढी आग त्याला दिसतच नाही. दिसते तेव्हा ती कंपार्टमेंटभर, म्हणजे वन विभागाने आखलेल्या जंगलाच्या अख्ख्या तुकड्याभर, झालेली असते.

आगीचा सर्वांत मोठा फटका खुद्द मोहालाच बसतो, आणि हे वेचणाऱ्याला पटवता येतं. दर वर्षी एकाच जागी आग लागली की खोडाचं बूड एका बाजूने जळतं, ढोली पडते आणि मृगाच्या वादळात साठ वर्षांचं झाड आडवं होतं. जुन्या मोहाच्या बुडाशी बसून बघा, काळी खोबण बहुतेक वेळा ज्या बाजूला पाला साचतो त्याच बाजूला सापडेल. रोप तर उरतच नाही.

बिनआगीची झाडणी करायची ती अशी. पहिली झाडणी पानगळ संपता संपता, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथवर येतो त्याच्या हातभर बाहेरपर्यंत झाडायचं. खराटा लांब दांड्याचा, तुरीच्या किंवा बांबूच्या काड्यांचा. वाकून मारायचा आखूड खराटा नको, कारण पुढे सांगतो. मध्यम झाडाला दोघींना तासभर लागतो. पाला खोडाशी लोटायचा नाही. ही चूक सर्रास होते, आणि बाहेरून वणवा आला तर तोच ढीग झाडाचं सरण होतो. पाला घेराबाहेर पातळ पसरा किंवा पोत्यात भरून शेणखताच्या खड्ड्यात टाका. नंतर रोजची हलकी झाडणी पाच मिनिटांची. गावाला वन विभागाकडून ब्लोअर मिळत असेल तर तो पहिल्या झाडणीला उत्तम, पण फुलं पडायला लागल्यावर वापरू नका. त्याच्या आवाजात चितळाची हाक ऐकू येत नाही.

जाळीचा उपाय हल्ली बराच सुचवला जातो. झाडाखाली हिरवी शेडनेट बांधायची, फुलं तिच्यात पडतात, माती लागत नाही, भाव चांगला मिळतो, आग लावायची गरज उरत नाही. सगळं खरं, पण शेताच्या बांधावरच्या आणि गावठाणाजवळच्या झाडांसाठी. तिथे तीन मीटर रुंदीचे पट्टे सुतळीने जोडा, बांबूच्या खुंटांवर कमरेएवढ्या उंचीवर ताणा, मधे थोडा झोळ ठेवा म्हणजे फुलं एका जागी जमतात. खोडाला खिळा मारू नका. सकाळी नऊला गुंडाळून घरी न्या. दिवसभर उन्हात राहिली तर दोन हंगामांत तिचा भुगा होतो. आत जंगलात मात्र रात्रभर जाळी ताणून ठेवणं धोक्याचं आहे. फुलांच्या वासाने आलेल्या चितळाची शिंगं त्यात अडकतात, आणि अडकून धडपडणारं चितळ म्हणजे बिबट्याला आणि वाघाला आमंत्रण. शिवाय सकाळी गस्तीवरच्या वनरक्षकाला ती शिकाऱ्याची जाळी वाटली तर तुमची चूक नव्हती हे सिद्ध करायला महिना जाईल.

आता वाघ. हल्ला बहुतेक वेळा माणूस ओळखून होत नाही. उकिडवं बसलेलं किंवा कमरेत वाकलेलं माणूस मागून, झुडपाच्या फटीतून, अर्ध्या उजेडात चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. उंची तेवढीच, मान खाली, हालचाल संथ. वाघ दबा धरून असतो तो चितळासाठी, आणि चितळ मोहाखाली येतंच. म्हणजे वाघ आधीच बरोबर जागी असतो, माणूस त्या चौकटीत जाऊन बसतो. विडीसाठी तेंदूची पानं तोडायच्या हंगामातही हेच, फक्त तिथे माणूस झुडपांत आणखी खोल आणि दिवसभर असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदुपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

अस्वलाचं वेगळं. ते शिकार करायला येत नाही, पण त्याला लांबचं नीट दिसत नाही आणि मोह खाताना ते इतकं गुंग असतं की माणूस दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही. मग घाबरून थेट चेहऱ्यावर येतं. मोहाच्या हंगामातल्या ज्या जखमांना टाके घालावे लागतात, त्यांत अस्वलाच्या खूप असतात.

म्हणून पहिला नियम वेळेचा. सूर्य वर आल्याशिवाय गावाबाहेर पडायचं नाही. एप्रिलमध्ये चंद्रपूरकडे सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा निघायची वेळ साडेसहा ठरवा. फुलं कमी मिळतील ही भीती असते, पण सगळेच साडेसहाला निघाले तर कोणाचंच शेजाऱ्यामुळे नुकसान नाही. त्यासाठी ग्रामसभेने दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. एक, मार्चच्या सुरुवातीलाच कोणतं झाड कोणत्या घराचं याची यादी वाचून दाखवायची. बहुतेक गोंड आणि माना वस्त्यांत झाडांची वहिवाट पिढ्यानपिढ्या ठरलेली असते, वाद असतात ते आठ-दहा झाडांचे. ते चावडीवर मिटवा, झाडाखाली नको. दोन, हंगामभर गुरं सकाळी नऊपर्यंत गोठ्यातच. गुराख्याला हे पटवणं सर्वांत अवघड जातं, पण याशिवाय बाकी सगळं फसतं. हरणं थोडी फुलं खातील, ती खाऊ द्या.

दुसरा नियम, पाचजणांखाली जायचं नाही आणि त्यातला एक जण वेचणार नाही. तो उभा राहील, पाठ झाडाला, तोंड दाट झुडपाकडे, हातात उंच काठी. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलायची. हा नियम चार दिवस पाळला जातो आणि पाचव्या दिवशी पहारेकरीही टोपली घेऊन बसतो, कारण त्याच्या वाट्याची फुलं कमी होतात. यावर सोपा तोडगा आहे. त्या दिवशीची फुलं पाचांत सारखी वाटा, म्हणजे उभं राहणाऱ्याचं नुकसान नाही. बाकीच्यांनी तोंडं एकाच दिशेला करून वेचू नका, गोलात एकमेकांकडे पाठ करून वेचा. दोन माणसांत दहा-पंधरा पावलांपेक्षा जास्त अंतर नको. लांब दांड्याचा खराटा यासाठीच, झाडताना तरी माणूस उभा राहतो.

पोचण्याआधी शंभर पावलांपासून मोठ्याने बोलायचं, डबा वाजवायचा. चोरपावलांनी अस्वलाजवळ पोचणं सर्वांत वाईट. झाडाभोवती पंधरा पावलांत घाणेरीचं रान माजलं असेल तर हंगामाआधी वन विभागाला सांगून ते काढून घ्या. ते निघत नसेल तर त्या वर्षी ते झाड सोडा. ताजा पंजा दिसला, कुजका वास आला, कावळे-गिधाडं एकाच जागी उतरताना दिसली, तर परत फिरा. शिकारीवरचा वाघ आणि पिलांची वाघीण जागा सोडत नाही. हाका ओळखायला शिका. चितळाची तीक्ष्ण, शिट्टीसारखी हाक एकदा आली तर थांबून ऐका, पुन्हापुन्हा एकाच दिशेने आली तर निघा. वानराचा खोकल्यासारखा ‘खॅक’ आवाज उंचावरून येतो, त्याला वरून दिसतं, म्हणून तो भरवशाचा. सांबराची भारदस्त ‘ढांक’ ऐकू आली तर चर्चा नको.

वाघ समोर दिसलाच तर खाली बसायचं नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. सगळ्यांनी एकत्र येऊन, हात-काठ्या वर करून, ओरडत पावलापावलाने मागे सरकायचं. माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाघाला वाटावं म्हणून डोक्यामागे लावायचे मुखवटे सुंदरबनमध्ये १९८०च्या दशकात वापरले गेले. त्यांच्यावर विसंबून एकटं जाऊ नये एवढंच म्हणेन. मुखवटा उभ्या माणसाच्या पाठीला उपयोगी, वाकलेल्या माणसाचा मुखवटा आभाळाकडे बघतो.

हल्ला झालाच तर गर्दीने झुडपात घुसू नका, दुसरा बळी अशाने जातो. प्राथमिक प्रतिसाद दलाला किंवा वनरक्षकाला फोन करा, वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. ताडोबाच्या गावांतून नेमलेल्या या दलातली मुलं गावचीच असतात, त्यांचे नंबर हंगामाआधी प्रत्येक गटाच्या मोबाइलमध्ये हवेत. मृत्यू झाल्यास राज्य शासनाची मदत २५ लाख रुपये आहे, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. जनावर मारलं गेलं असेल तर ४८ तासांत कळवायचं आणि पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही. मढ्यावर विष टाकायचा विचार कोणी बोलून दाखवला तर तिथेच थांबवा. त्यात वाघाबरोबर गिधाडं आणि गावची कुत्रीही मरतात, आणि सगळं गाव गुन्ह्यात अडकतं.

वेचलेल्या फुलांचा भाव चांगला आला तर हे नियम टिकतात, म्हणून सुकवणीबद्दलही सांगतो. ताजं फूल तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. चार किलो ओल्याचं साधारण किलोभर सुकं उरतं. शेणाने सारवलेल्या अंगणाऐवजी बांबूच्या तट्ट्यावर, जमिनीपासून वीतभर वर, बोटभर जाडीने पसरा. दिवसातून दोनदा हलवा. संध्याकाळी झाका, दव लागलं की आंबायला लागतं. तीन-चार कडक उन्हं पुरतात. मूठभर घेऊन दाबा, मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर अजून ओलं आहे, सुटं झालं तर पोत्यात भरा. घाईने ओलं भरलं की आतून तापतं, काळं पडतं, आंबूस वास सुटतो आणि मग ते फक्त भट्टीवाल्याच्या कामाचं. २०२०मध्ये केंद्राने सुक्या मोहफुलांची आधारभूत किंमत किलोला १७ वरून ३० रुपये केली. स्वच्छ, माती न लागलेल्या मालाला त्याहून जास्त मिळू शकतं. मोहाचा लाडू, राब, मोह घालून केलेली भाकर हे इथलं जुनं खाणं आहे. दारू हा त्याचा एक उपयोग, एकमेव नव्हे.

तेंदूच्या बाबतीत आगीचं कारण वेगळं. कोवळी पानं जास्त फुटावीत म्हणून झुडपं कापतात, त्याला खुटकटाई म्हणतात. ती न करता काही जण सरळ आग लावतात. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक मानक गोणी. या हिशेबात एका घराला पंधरवड्यात मिळणारे पैसे रोख आणि एकदम असतात, म्हणून तेंदू सोडा असं सांगणं सोपं नाही. पण गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने ते करून दाखवलं. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदुपानांची तोडणी बंद केली, कारण तोडणीसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात आणि टेंभरं (तेंदूची फळं) मिळत नाहीत. बांबूच्या उत्पन्नाने त्यांना तो निर्णय परवडला. तुमच्या गावाकडे बांबू नसेल तर आंधळेपणाने तसंच करू नका.

समितीच्या बैठकीत एक गोष्ट जाणत्यांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगू नका. ताडोबा हे नावच तारू या गोंड पुरुषावरून आलं. वाघाशी झुंजताना तो मारला गेला अशी कथा आहे आणि तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे जत्रा भरायची. गोंड-माडियांच्या पंडुमात, म्हणजे नव्या उपजाच्या सणात, नवं पीक, नवी फळं-फुलं देवाला दाखवल्याशिवाय खायची नसतात. पंडुमाचा दिवस ठरला की आधी कोणी हात लावायचा नाही, ही शिस्त आजही अनेक गावांत मोडत नाही. साडेसहाची वेळ आणि बिनआगीची झाडणी त्याच बैठकीत, गावच्या भुमकाच्या (पुजाऱ्याच्या) तोंडून जाहीर झाली तर कागदावरच्या ठरावापेक्षा जास्त पाळली जाते.

शेवटी जून. मोहाची टोळं, म्हणजे फळं, पडतात, तीही तेलासाठी वेचली जातात. मोहाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, काही आठवड्यांत रुजण्याची ताकद जाते, त्यामुळे यंदा ठेवून पुढच्या वर्षी लावू असं चालत नाही. प्रत्येक झाडाखालची दहा-वीस चांगली टोळं न उचलता तिथून जरा दूर, घेराबाहेर, करवंदीच्या किंवा काटेरी झुडपाच्या आडोशाला बोटभर खोल दाबा. गुरं तिथे तोंड घालत नाहीत. पहिले दोन उन्हाळे त्या जागेभोवती दोन हात पाला झाडून ठेवा. मोह पहिल्यांदा फुलायला आठ-दहा वर्षं घेतो.